वेरा लिन ठीक, पण सिलोन राहिलं की!

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठीच्या रेडिओवरचा हा लेख मस्त. इंग्लिश गायिका वेरा लिनच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमाबद्दल अजून थोडं हवं होतं, १९४१ मध्ये सुरू झालेला, ती दवाखान्यात जाऊन नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना भेटायची आणि तिकडे परदेशात असलेल्या नवऱ्याला रेडिओवरून निरोप द्यायची, विचार करा, कुठेतरी वाळवंटात बसलेल्या माणसाला बाप झाल्याचं गाण्यांच्या मधे कळतंय! आणि वरच्या साहेब लोकांची तक्रार काय, तर असली हळवी गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील 😄 ती मात्र १९४४ ला थेट बर्मा आघाडीवर गेली, त्या उकाड्यात, पियानोवाला सोबत घेऊन.

पण लेखात रेडिओ सीॲकचा उल्लेखच नाही हे खटकलं. माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडमधल्या सैनिकांसाठी कोलंबोहून चालायचं ते स्टेशन, युद्ध संपल्यावर ते सिलोन (आताची श्रीलंका) सरकारकडे गेलं आणि त्याचंच पुढे आपलं रेडिओ सिलोन झालं. म्हणजे गोऱ्या सोल्जरांच्या करमणुकीसाठी उभारलेल्या तगड्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून १९५२ पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला आपल्या घरात आली, आणि तीही आपल्याच नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली म्हणून! आमच्याकडे बुधवारी आठच्या आधीपासून वडील बटण पिळत बसायचे, आवाज लाटेसारखा यायचा जायचा, मधे खरखर, आणि कोणी बोललं की डोळे वटारायचे.