तालीम की फोटोसेशन?

आमच्या गायनवृंदाच्या दर दौऱ्यात तेच! नावाजलेल्या वास्तूत गायची संधी मिळते, आम्ही हौशी मंडळी सहा-सहा महिने घसा झिजवतो, रात्रभर बसमध्ये अवघडून बसतो. तिथे तालमीला मिळतो जेमतेम अर्धा तास. आणि त्यातली वीस मिनिटं सेल्फीत! या वेळी तर संचालिका हात वर करून उभ्या, आणि आल्टोची, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची, अख्खी रांग त्यांच्याकडे पाठ करून झुंबरासोबत फोटो काढतेय.

अरे, त्या जागेत आवाज कसा घुमतो ते ऐकणार कधी? दगडी भिंती आणि उंच छत असलं की स्वर काही सेकंद रेंगाळतो. घरच्या लयीत गायलं तर शब्दांचा नुसता चिखल होतो. लय किंचित संथ करावी लागते, व्यंजनं ठसठशीत उच्चारावी लागतात. त्यात आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या ऑर्गनचा सूर ०.०५ सेकंद उशिरा पोचतो. कानावर विसंबलात की मागे पडलात, नजर संचालिकेच्या हातावरच हवी. हे तिथे उभं राहून गायल्याशिवाय अंगवळणी पडत नाही हो!

मग कार्यक्रमात शेवटचा स्वर विस्कटला की खापर सभागृहावर. फोटो नंतर काढा ना, भिंती कुठे पळून चालल्यात?