सुतक कोणाचे? – ‘बडोदेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या भागातील जुनी बाग चौदा महिने बंद राहून फाल्गुनात पुन्हा उघडली, तिच्या नव्या रूपाविषयी मी गेल्या पंधरवड्यात लेख लिहिला होता; जुन्या कडुनिंबाच्या बुंध्याशी भिडवलेले सिमेंट आणि फरसबंद केलेली जमीन ही त्यातली माझी तक्रार होती. त्यावर ‘बडोदेकर’ या टोपणनावाने पुढील प्रतिक्रिया आली आहे: “काका, आपल्याला बागेचे नव्हे, स्वतःच्या तरुणपणाचे सुतक आहे. नव्या बागेत दिवे आहेत, स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय आहे, आणि चाकाच्या खुर्चीवर बसणारी माझी आई आठ वर्षांनी प्रथमच आत जाऊ शकली, याबद्दल आपल्या लेखात एक ओळ नाही. सयाजीरावांनी कमाटीबाग बांधली तेव्हाही कोणीतरी असेच गळे काढले असतील. बागेचे नाव लिहिण्याचेही धाडस आपल्याला झालेले नाही. आणि हो, कुंपणालगतची झाडे अशोकाची नसून आसोपालवाची आहेत.”

जे चुकले ते प्रथम मान्य करतो. ती सरळसोट वाढलेली झाडे आसोपालवाचीच आहेत. खरा अशोक, ज्याला सीतेचा अशोक म्हणतात तो, निराळा. वसंतात त्याला केशरी-तांबड्या फुलांचे घोस येतात आणि आपल्या बागेत त्याचे एकही झाड नाही. महाराष्ट्रात सर्रास आसोपालवालाच अशोक म्हणतात आणि माझी सासुरवाडी पुण्याची असल्यामुळे तो शब्द आमच्या घरात शिरला, एवढेच त्याचे स्पष्टीकरण आहे. मात्र दर दिवाळीला दारावर आसोपालवाचे तोरण बांधणाऱ्या माणसाने ही चूक करायला नको होती. आपण ती दाखवून दिलीत, याबद्दल आभारी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपण वाक्याचा आरंभ ‘काका’ या संबोधनाने केला आहे आणि शेवट ‘सुतक’ या शब्दाने. पुतण्याने काकांना चारचौघांत सुतकी ठरवावे, ही रीत कोणत्या घरातली आहे हे मला ठाऊक नाही. दांडिया बाजारातल्या ज्या वाड्यात मी वाढलो तिथली तरी ती नव्हती. मतभेदाला माझी ना नाही. माझ्या लेखांवर याहून कठोर लिहिलेले मी शांतपणे वाचले आहे. परंतु सुतक हा शब्द अलंकार म्हणून वापरण्यापूर्वी समोरच्याच्या घरात अलीकडे ते खरोखर येऊन गेले असेल का, एवढा विचार करायला फार वेळ लागत नाही. गेल्या भाद्रपदात माझे थोरले बंधू गेले. बाग तेव्हा पत्र्यांआड बंद होती. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही, आणि त्याचा माझ्या लेखाशी काही संबंधही नाही; शब्दांना वजन असते हे दाखवण्यापुरतेच लिहितो.

राहिला तरुणपणाचा प्रश्न. माझ्या तरुणपणी मी त्या बागेत क्वचितच गेलो, कारण मी पावसाळी गटारांच्या कामावर होतो आणि ज्या वेळी लोक फिरायला निघतात त्या वेळी मी बहुधा कुठल्यातरी चेंबरच्या तोंडाशी उकिडवा बसलेला असे. माझे पणजोबा आजव्याच्या जलाशयाचे काम चालू असताना मजुरांची हजेरी मांडायला रत्नागिरीहून बडोद्यास आले. ते पाणी १८९२ साली शहरात पोहोचले आणि पणजोबा परत गेले नाहीत. आजोबा राज्याच्या बांधकाम खात्यात मोजणीदार होते. मी स्वतः एकतीस वर्षे या शहराच्या जमिनीखालून पाणी कसे वाहते हेच पाहिले. तीन पिढ्या ज्यांच्या घरात टेप आणि पातळी यांचीच भाषा बोलली गेली, त्या माणसाला आपण केवळ हळवा म्हातारा समजून निकालात काढता, हे वाचून मला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

आणि जुन्या बागेचा मी भाट आहे असे तुम्ही कशावरून ठरवलेत? तिचे कारंजे माझ्या आठवणीत कधी उडाले नाही. मेंदीच्या कुंपणामागे भर दुपारी पत्त्यांचा जुगार चाले. पूर्वेकडच्या कोपऱ्यात इतकी दुर्गंधी असे की तिकडच्या बाकांवर कुत्रीसुद्धा बसत नसत. हे सारे मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचले असते तर अर्धी प्रतिक्रिया लिहावीच लागली नसती.

माझी तक्रार एका कडुनिंबाबद्दल होती, आणि ती आठवणींची नव्हे, इंचांची तक्रार आहे. मधल्या वर्तुळातील जुन्या कडुनिंबाभोवती पूर्वी दगडी पार होता, त्याच्या आत माती होती आणि त्या मातीत रोज सकाळी कोणी ना कोणी तांब्याभर पाणी ओतून जात असे. आता पार काढून तिथे ग्रॅनाइटची गोल बैठक केली आहे. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर परवा सोमवारी सकाळी मी टेप घेऊन पुन्हा गेलो. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर सात फूट दोन इंच भरला. ग्रॅनाइटची कड आणि साल यांत पूर्वेला साडेचार इंच अंतर आहे, उत्तरेला जेमतेम दोन बोटे शिरतात, आणि नैर्ऋत्येला सिमेंट थेट सालीला भिडले आहे. तिथे सालीवर राखाडी ओघळ वाळून बसला आहे आणि त्यात गवंड्याच्या थापीची धार स्वच्छ उमटलेली आहे. चैत्रात बागेतले इतर दोन कडुनिंब तांबूस पालवीने भरून गेले असताना या झाडाच्या त्याच अंगाच्या तीन फांद्या उघड्याच राहिल्या.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. माती धुमसून ठोकून तिच्यावर काँक्रीटचा थर आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले की ती मुळे गुदमरतात. झाड मात्र लगेच पडत नाही, पाच-सात वर्षे घेते, आणि तोवर ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली असते. हे काही माझे खासगी तत्त्वज्ञान नव्हे. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांसंबंधी २३ एप्रिल २०१३ रोजी दिलेल्या आदेशात बुंध्यापासून एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकण्यास सांगितले होते. एक मीटर म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडे अधिक. आपल्याकडे दोन बोटे. लवाद काही कोणाच्या तरुणपणाचे सुतक पाळत नव्हता.

पाण्याचेही तसेच आहे. नव्याने फरसबंद झालेला भाग मी पावलांनी मोजला, तो सुमारे १२०० चौरस मीटर भरतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्या बडोद्यात तो होतोच, तर या एवढ्याशा तुकड्यावर एक लाख वीस हजार लिटर पाणी पडणार. पूर्वी त्यातले बरेचसे मातीत मुरत असे. आता ते उताराने फाटकाकडे येईल आणि रस्त्याच्या त्याच जुन्या गटारात शिरेल, ज्याचा व्यास मला पाठ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि लोकांच्या ओट्यांवरून मगरी उचलाव्या लागल्या, ते ज्या शहराने पाहिले त्याने निदान बागेत तरी जमीन उघडी ठेवावी, एवढीच माझी मागणी होती.

कमाटीबागेचा दाखला आपण दिलात म्हणून सांगतो. ती बाग जानेवारी १८७९ मध्ये खुली झाली. सयाजीराव महाराजांचा जन्म मार्च १८६३ चा. म्हणजे त्या दिवशी ते पुरते सोळा वर्षांचेही नव्हते आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले ते १८८१ च्या अखेरीस. त्यांनी पुढे त्या बागेसाठी पुष्कळ केले, तिथल्या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या चुका काढायला निघालेल्याने स्वतःचे सनावळीचे पान एकदा उलटून पाहावे. आसोपालवाची परतफेड झाली असे समजू या.

शिवाय कमाटीबाग हे माझ्याच बाजूचे उदाहरण आहे. विश्वामित्रीच्या दोन्ही तीरांवरील सुमारे ११३ एकरांत जी बाग केली, तिथे गळे काढायचे कारण नव्हते, कारण तिथे झाडे लावली जात होती. २३ सप्टेंबर १९१७ रोजी, राज्याच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात डोके टेकायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते त्याच बागेत एका झाडाखाली बसले. आज संकल्पभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागी दूरदूरहून लोक येतात ते त्या झाडाच्या ओढीने येतात, शेजारच्या फरशीसाठी येत नाहीत.

दिवे, शौचालय आणि उतार यांविषयी आपण लिहिले आहे ते ठीकच आहे. त्यांना माझा विरोध नव्हता, म्हणून त्यांवर लिहिले नाही. आपल्या मातोश्रींना आत जाता आले याचा मला आनंद आहे. पण फाटकाशी उतार करण्यासाठी मधल्या कडुनिंबाला सिमेंट पाजावे लागत नाही, आणि एका चांगल्या कामाची ढाल करून दुसऱ्या वाईट कामाबद्दल बोलूच द्यायचे नाही, ही युक्ती मी नोकरीत असताना बैठकींमध्ये पुष्कळदा पाहिली आहे.

बागेचे नाव न लिहिण्याचे कारण साधे आहे. ज्या माळीदादांनी मला सिमेंट कोणत्या दिवशी ओतले आणि त्यांनी हरकत घेतल्यावर त्यांना काय ऐकावे लागले हे सांगितले, ते ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत. नाव लिहिले असते तर माझे धाडस दिसले असते आणि त्यांची रोजी गेली असती. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या धाडसाचा हिशेब मागणाऱ्याला हे कितपत पटेल, ते मी सांगू शकत नाही.

त्या जुन्या पाराच्या दगडांपैकी तीन अजून मागच्या भिंतीशी, झाडूंच्या खोलीजवळ, रचून ठेवलेले आहेत. त्यांतल्या एकाची कड बसून बसून गुळगुळीत झालेली आहे. आमचे बंधू त्याच बाजूला बसत. ते दगड परत बसवावेत असे मी लेखात म्हटलेले नाही आणि आताही म्हणत नाही. बुंध्याभोवतीचे ग्रॅनाइट सव्वातीन फूट मागे घ्यावे, एवढा अर्ज मी मंगळवारी दिला असून त्याची पोच माझ्याकडे आहे. पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे. आपण खरोखरच त्याच भागात राहत असाल तर रविवारी सकाळी साडेसहाला मी टेप घेऊन तिथे असेन. मातोश्रींना घेऊन या, उताराचे मापही घेऊ.

‘अशोक’च्या जागी ‘आसोपालव’ अशी दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे.