फोर्बरीचा सिंह आणि आपली माणसं

दुपारपासून डोकं तापलंय, ते अजून उतरलेलं नाही. स्वयंपाक, जेवणं, भांडी सगळं उरकून आता लिहायला बसलेय. पोस्ट लांबेल.

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातलं रेडिंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. इथे गावाच्या मध्यात फोर्बरी गार्डन आहे. तिथे उंच चौथऱ्यावर ओतीव लोखंडाचा एक सिंह उभा आहे. ३१ फूट लांब, १६ टन वजनाचा, काळाकुळकुळीत आणि गुरगुरणारा. याला मैवंदचा सिंह म्हणतात. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात कंदाहारजवळ मैवंदला लढाई झाली, त्यात इंग्रजांच्या फौजेची धूळधाण उडाली. त्या फौजेत बर्कशायरची ६६वी पलटण होती. तिच्या त्या सगळ्या मोहिमेत मेलेल्या शिपायांसाठी १८८६ मध्ये हा सिंह इथे बसवला. खाली चौथऱ्यावर ३२९ नावं कोरली आहेत. ११ अधिकारी आणि ३१८ साधी माणसं. बर्कशायरमधलं मला माहीत असलेलं हे सगळ्यात देखणं स्मारक आहे आणि मला ते मनापासून आवडतं, हे आधीच सांगून ठेवते.

तर आज जेवणाच्या सुट्टीत मी तिथे बाकावर डबा खात होते. एका शाळेची पोरं आली होती, आठ-नऊ वर्षांची. त्यांना माहिती द्यायला एक वयस्कर गृहस्थ. बोलणं छान, आवाज खणखणीत. आधी त्यांनी ती नेहमीची कथा सांगितली, की सिंहाची पावलं चुकीची पडली आहेत, असा सिंह चालला तर कोसळेल, आणि हे लक्षात आल्यावर शिल्पकारानं जीव दिला. साफ खोटी कथा आहे. शिल्पकार जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स इथल्याच बिअरवाल्या सायमंड्स घराण्यातला, तो १९२९ पर्यंत जगला. १९१४ मध्ये त्याचा मुलगा महायुद्धात पडला, तेव्हा निवृत्त झालेल्या या माणसानं ब्रॅडफिल्डच्या युद्धस्मारकासाठी पुन्हा कामाला हात घातला. ही खरी गोष्ट कुणी सांगत नाही. जीव दिल्याची कथा मात्र विंडसरच्या ‘तांब्याच्या घोड्या’च्या पुतळ्यालाही चिकटवलेली आहे. तिथे म्हणे रिकिबी करायच्या राहून गेल्या. असो.

मग आली बॉबीची गोष्ट. बॉबी म्हणजे ६६व्या पलटणीतला पांढरा कुत्रा. मैवंदला शेवटपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसांबरोबर तो होता. पाठीवर जखम झाली, तरी वाचला आणि आपल्या पलटणीत परत पोचला. व्हिक्टोरिया राणीनं १८८१ मध्ये ऑस्बर्न हाउसला त्याच्या गळ्यात स्वतः पदक घातलं. पुढच्या वर्षी गॉस्पोर्टला घोडागाडीखाली सापडून मेला. आज तो पेंढा भरून सॉल्झबरीच्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत आहे. पोरं जीव कानात आणून ऐकत होती. मीही ऐकत होते. कुत्र्यावर माझा काडीचाही राग नाही.

आणि मग त्या गृहस्थांनी जाता जाता एक वाक्य टाकलं. “आपल्या बर्कशायरच्या पोरांबरोबर काही नेटिव्ह पलटणीही होत्या, पण त्या पळाल्या, आणि सगळा भार आपल्या पोरांवर आला.”

एवढंच, एका वाक्यात विषय संपला. समोर बसलेल्या पोरांत निम्मी आपल्यासारख्या रंगाची होती हो! ती आज घरी जाऊन हेच सांगणार.

मी डबा बंद केला, उठले आणि त्यांना म्हटलं, “सर, बॉम्बे ग्रेनेडियर्सचे ६६व्या पलटणीपेक्षा जास्त लोक त्या दिवशी मेले.” ते हसले, “ओह, व्हेरी इंटरेस्टिंग” म्हणाले आणि पोरांना घेऊन फुलांच्या ताटव्याकडे गेले.

इंटरेस्टिंग!

आकडे ऐका. त्या एका दिवसात ६६व्या पलटणीचे २८६ मेले. पहिल्या बॉम्बे ग्रेनेडियर्सचे ३६६. तिसाव्या बॉम्बे पायदळाचे, म्हणजे जेकब्ज रायफल्सचे, २४१. बॉम्बे सॅपर्सचे १६. हे सॅपर्स म्हणजे फौजेचे रस्ते-पूल बांधणारे, आज खडकीला ज्यांचं केंद्र आहे तेच. शिवाय तिसऱ्या बॉम्बे घोडदळाचे आणि सिंध हॉर्सचे मेले ते वेगळेच. पळणारी माणसं ३६६च्या संख्येनं एका जागी मरून पडत नाहीत.

बरं, डाव्या बाजूला जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या आधी फुटल्या, हे खरं आहे. त्यात बरीच नवी भरती होती, त्यांचा तरुण अधिकारी मारला गेला होता, जुलैचं ऊन आणि प्यायला पाणी नाही. ती माणसं मागे रेटली गेली ती ग्रेनेडियर्सवर आणि सगळी फळी कोसळत गेली. हे सांगा की पोरांना! पूर्ण सांगा. अर्धं सांगून ‘पळाले’ म्हणू नका.

आता आप्पांची गोष्ट सांगते, कारण आज मला एवढा राग का आला हे त्याशिवाय कळणार नाही.

आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते इथे आले होते तेव्हा मी त्यांना हा सिंह दाखवायला नेलं. मला वाटलं, सिंहाबरोबर फोटो काढतील. त्यांनी सिंहाकडे वर पाहिलंच नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि चौथऱ्यावरची नावं वाचायला लागले. इंग्रजी अक्षरं ते लावून लावून वाचतात. एक बाजू झाली, मग दुसरी, मग तिसरी. मी म्हटलं, “आप्पा, ऊन लागेल, चला.” ते म्हणाले, “थांब, पोरांची नावं हायती, अशी अर्धी सोडू न्हाई.” ३२९ माणसं मोजून वाचली त्यांनी, परक्या देशातल्या परक्या माणसांची. सगळं झाल्यावर माझ्याकडे वळून विचारलं, “बाळे, ह्यात आपलं कुणी न्हाई व्हय?”

मला तेव्हा काही माहीतच नव्हतं. पुढे जे काही वाचलं ते या एका प्रश्नापायी वाचलं.

त्या काळी मुंबई इलाख्याचं पायदळ म्हणजे कोकणातले आणि घाटावरचे मराठे, महार, उत्तरेतून आलेले परदेशी, मुसलमान, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, सगळे एका पलटणीत. मैवंदला मेलेले सगळेच मराठी बोलत होते असा दावा मी करणार नाही. पण पगाराला, पेन्शनीला, भरतीला हे आपल्याच मुलखातले शिपाई. आणि या पराभवाचं खापर कुणावर फुटलं? याच युद्धातून नाव झालेले रॉबर्ट्स साहेब १८८५ ते १८९३ हिंदुस्थानचे सरसेनापती होते. मुंबई आणि मद्रासकडचे शिपाई लढाऊ जातीचे नाहीत, हे त्यांचं ठाम मत. १८९०च्या दशकात महारांची भरतीच बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीवर जगलेली घरं एका हुकुमानं उघड्यावर आली. त्यामुळे ‘पळाले’ हा शब्द मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्या शब्दापायी चुली विझल्या आहेत.

कुणी म्हणेल, सिंह बर्कशायरच्या लोकांनी आपल्या पलटणीसाठी उभारला, त्यावर तुमची नावं कशाला असतील? मान्य. चौथऱ्याला छिन्नी लावा असं मी म्हणतच नाहीये. त्यांची पोरं मेली, त्यांनी नावं कोरली, चांगलं केलं.

पण याच रेडिंगमध्ये एल्डन स्क्वेअरला जाऊन बघा. तिथे रूफस आयझॅक्स, लॉर्ड रेडिंग, झगा घालून उभे आहेत. १९२१ ते १९२६ हिंदुस्थानचे व्हाइसरॉय. यांच्याच कारकिर्दीत, १९२२ मध्ये, गांधीजींना पकडून येरवड्याला टाकलं. हा पुतळा मुळात नवी दिल्लीत होता. आपल्याला नको झाला, तर १९७१ मध्ये इथे आणून बसवला. म्हणजे एका माणसाचा पुतळा हजारो मैलांवरून आणायला या गावाला जमलं. त्यांचा जुना खासदार होता, त्यांच्या गावाच्या नावानं लॉर्ड झालेला, आणला, त्यातही मला गैर वाटत नाही. पण मग सिंहापासून चार पावलांवर, गवताच्या कडेला, एक हातभर पाटी लावायला काय अडचण आहे? ‘त्या दिवशी यांच्या शेजारी बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, बॉम्बे सॅपर्स, बॉम्बे घोडदळ आणि सिंध हॉर्सचे शिपाई लढले आणि मेले.’ बास. एवढं एक वाक्य.

लिहिता लिहिता आता राग जरा उतरलाय आणि वाईट वाटायला लागलंय, कारण आपण तरी काय केलं?

मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च आहे. ते आधीच्या अफगाण युद्धाचं स्मारक. तिथल्या लेखात लिहिलंय की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर आहेत आणि साधे शिपाई इतके होते की त्यांची नावं नोंदवणं शक्य नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. रेडिंगनं ३१८ साध्या शिपायांची नावं कोरली. म्हणजे जागा असते, दगडही असतो, इच्छा लागते. आमच्या गावच्या चावडीवर महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, सातारा-रत्नागिरीकडच्या तुमच्यापैकी अनेकांच्या गावात असेल. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. नुसते आकडे. आप्पा लहानपणापासून त्या पाटीखाली खेळले. त्यामुळेच तर इथे नावं दिसल्यावर ते असे हावऱ्यासारखे वाचत सुटले. कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा नावानिशी लिहून ठेवलेला त्यांनी असा कधी पाहिलाच नव्हता.

माझ्या यादीतले काही मित्र आता लिहिणार की ते भाडोत्री शिपाई, इंग्रजांसाठी दुसऱ्याच्या देशात घुसले, त्यांचं कौतुक कशाला. हो, घुसले. अफगाण आपल्या घरासाठी लढत होते आणि जिंकले. त्यांच्या दृष्टीनं मैवंद हा अभिमानाचा दिवस आहे, तो त्यांचा हक्कच आहे, काबूलमध्ये त्याचा स्तंभ आहे. मला जयजयकार नकोच आहे. पण दुष्काळाच्या तडाख्यात (१८७६-७८चा दुष्काळ आठवा, दख्खन ओस पडलं होतं) ज्याच्या घरात दाणा नव्हता, त्या माणसानं पलटणीचा पगार धरला तर त्याला फौजेत का गेलास म्हणून दीडशे वर्षांनी हटकणारे आपण कोण? तो मेला. त्याच्या घरी कुणी वाट पाहत बसलं असेल. एवढं पुरे नाही का त्याचं नाव घ्यायला?

आणि होत नाही असं नाही. ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर छत्री आहे, पांढऱ्या संगमरवराची. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत जे हिंदू आणि शीख शिपाई दगावले, त्यांना तिथे उघड्या माळावर अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. छत्रीचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. १९२१ मध्ये ती उघडली, पण तिच्यावर नाव एकाचंही नव्हतं. शेवटी २०१० मध्ये शेजारी वेगळा दगड बसवून ५३ जणांची नावं कोरली. नव्वद वर्षांनी का होईना, कोरली. मी गेले होते. गाडी वरपर्यंत जात नाही, मेंढ्यांच्या कुरणातून चालत जावं लागतं, वारा तोंडावर थडाथडा आदळतो. त्या दगडासमोर मीही आप्पांसारखी एकेक नाव वाचत उभी राहिले, सगळी.

म्हणून आता कामाचं बोलते. मी कौन्सिलला पाटीसाठी पत्र लिहितेय. उद्या मसुदा इथेच टाकेन, रेडिंग, वोकिंगहॅम, ब्रॅकनेलवाल्यांनी सह्या द्या. २७ जुलैला संध्याकाळी सिंहापाशी जमू या. भाषणं नकोत. ३२९ नावंही वाचू, आणि आपल्याकडची जी मिळतील ती.

ती मिळवायला तुमची मदत हवी. तुमच्या घरात, आजोळी, माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी पदकं असतील तर बघा. त्या युद्धाचं पदक चांदीचं आहे. एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज आणि पाठीवर तोफ घेतलेला हत्ती. रिबीन हिरवी, दोन्ही कडा किरमिजी. काही पदकांवर काबूल, कंदाहार अशा लढायांच्या पट्ट्या दिसतील. मैवंदची पट्टी शोधू नका, हरलेल्या लढाईची काढलीच नाही. बिनपट्टीचं साधं पदक असेल तर तेच नीट पाहा. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. ‘1st’ किंवा ‘30th’ आणि पुढे ‘Bo’ दिसलं, तर मला लगेच फोटो पाठवा. कडेचा फोटो उजेडात, तिरका धरून काढा. आणि कृपा करून चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका, कडेवरची अक्षरं आधी झिजतात.