रात्री दहानंतर निम्म्या भावात खोली मिळत नाही

गेल्या दिवाळीपासून एक मेसेज आमच्या चिमूर-वरोरा भागात या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. ‘पंचतारांकित हॉटेलात निम्म्या पैशात राहा, हॉटेलवाले हे कधीच सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात. खाली सहा गोष्टी आहेत. रात्री दहानंतर थेट काउंटरवर जा, रिकामी खोली निम्म्या दरात द्यावीच लागते. पावसाळ्यात जंगलाकाठचे रिसॉर्ट बंद असतात, उन्हाळ्यात गर्दी नसते तेव्हा जा. मोबाइलमध्ये इनकॉग्निटो (आधी काय शोधलं ते लपवणारी ब्राउझरची खिडकी) उघडून दर पाहा. ॲपवरचाच दर सगळ्यात कमी, हॉटेलला फोन करू नका. मोफत ‘तीन दिवस दोन रात्री’चं व्हाउचर सोडू नका. आणि बिल नको म्हणा, 18 टक्के टॅक्स वाचतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोलारा गेटकडल्या एका रिसॉर्टमध्ये मी सात वर्षं फ्रंट ऑफिसला होतो, त्यातली तीन वर्षं रात्रपाळीत. चांगल्या हॉटेलात कमी पैशात राहता येतं, हे मला मान्य आहे; मी स्वतः आईबाबांना घेऊन राहिलो आहे. पण हा मेसेज वाचून निघालेल्या माणसांची जी फजिती होते ती मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहे.

सुरुवात पहिल्याच दाव्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त लोक त्यातच फसतात. डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा झाले होते. गेटवरच्या चौकीदाराचा फोन आला, “साहेब, एक गाडी आली जी, बुकिंग नाही म्हणते.” ब्रह्मपुरीकडचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि मागच्या सीटवर सत्तरीची आजी, कानावरून शाल गुंडाळून बसलेली. धान विकून हातात पैसे आले होते. मुलांना वाघ दाखवायचा होता आणि आईला एकदा मोठ्या हॉटेलात झोपवायचं होतं. त्या माणसाने काउंटरवर मोबाइल ठेवला, बोटाने ती ओळ दाखवली आणि म्हणाला, “यात त लिहून आहे न जी भाऊ, दहानंतर अर्ध्यात देतेत म्हणून.”

त्या रात्री आमच्या चार खोल्या रिकाम्या होत्या. तरी निम्म्या भावात एकही मला देता आली नाही. खोलीचा दर ठरवणारा माणूस नागपूरला बसायचा. रात्रपाळीवाल्याच्या हातात दर कमी करायचा अधिकारच नव्हता. उलट न सांगता दारात आलेल्या पाहुण्याला जो दर सांगायचा तो रॅक रेट, म्हणजे छापील आणि सगळ्यात चढा. फोनवर आठ दिवस आधी विचारलं असतं तर त्याच खोलीचे मी कमी पैसे सांगितले असते. शिवाय रिकामी खोली फुकट पडून असते हा समजच चुकीचा आहे. एक खोली उघडली की चादरी-टॉवेल, गरम पाणी, सकाळचा नाश्ता, साफसफाईचा माणूस असा सगळा खर्च सुरू होतो. जंगलाकाठी भाजीपासून दुधापर्यंत सगळं मोजून आणलेलं असतं, आणि दहाला स्वयंपाकघर बंद होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे वाघाचं. सफारीचा परवाना आधी ऑनलाइन काढावा लागतो, नाव आणि ओळखपत्र जुळावं लागतं. डिसेंबरात रात्री साडेदहाला येऊन दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची सफारीची जिप्सी मिळेल, ही आशाच ठेवायला नको. म्हणजे पूर्ण पैसे मोजून ते राहिले असते तरी मुलांना वाघ दिसला नसता. आमच्या एका वेटरने त्यांना शेजारच्या गावात आपल्या घरी नेलं. त्याच्या आईने त्या वेळी भात-वरण टाकलं. निघताना आजी मला म्हणाली, “तुया काय दोष बाबा.” माझा दोष नव्हता हे खरं, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

नागपूरसारख्या शहरात काही हॉटेलं रिकाम्या दिवशी संध्याकाळी ॲपवर दर उतरवतात, एवढंच त्या दाव्यात खरं आहे. तो दर घरबसल्या मोबाइलवर दिसतो. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला घेऊन अंधाऱ्या रस्त्याला लागायची गरज नाही.

खोली खरंच निम्म्यात कधी मिळते, हे त्या मेसेजने नेमकं उलटं सांगितलं आहे. पावसाळ्यात रिसॉर्ट बंद असतात म्हणे. बंद असतो तो ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, 1 जुलै ते 30 सप्टेंबर. बफरमधल्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या, काही गेटांवर पाऊसपाणी पाहून सफारी चालू असते, आणि बरेच रिसॉर्ट उघडेच असतात, कारण पगार तर बाराही महिने द्यायचे असतात. आमच्याकडे मे महिन्याचा आणि ऑगस्टचा दर यांत जवळजवळ निम्म्याचा फरक पडायचा. उन्हाळ्याचं गणितही मेसेजवाल्याला कळलेलं नाही. 45 अंशांत कोण जाणार, असं आपल्याला घरी बसून वाटतं. पण त्याच उन्हात वाघ पाणवठ्यावर येतो, म्हणून एप्रिल-मे हाच सगळ्यात महाग हंगाम. मुंबई-पुण्याचे, परदेशातले पाहुणे तेव्हाच येतात.

ऑगस्टमध्ये वाघ दिसण्याची खात्री नसते, हे आधीच सांगून ठेवतो. पण बांबू हिरवागार झालेला असतो, नाल्याचा आवाज खोलीपर्यंत येतो, आणि त्याच गादीवर, त्याच बाथटबात, तोच नाश्ता खाऊन माणूस राहतो. आईबाबांना मी ऑगस्टमध्येच नेलं. बाबा दोन तास व्हरांड्यात खुर्ची टाकून पाऊस बघत बसले होते. शेतात असते तर त्या पावसात बांधावर धावत असते.

वाराचंही तसंच आहे. कोअर मंगळवारी बंद असतो, म्हणून सोमवारची रात्र आमच्याकडे हमखास रिकामी असायची. शुक्रवार-शनिवारी नागपूरकर येतात, त्या रात्री फोन करून सूट मागण्यात अर्थ नाही. नागपुरातल्या मोठ्या हॉटेलांचं याच्या नेमकं उलटं. ती कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, म्हणून सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवार मोकळी. पण डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं, जामठ्याला क्रिकेटचा सामना असला किंवा लग्नाची दाट तिथी असली की तिथे वार बघून काही उपयोग नाही.

इनकॉग्निटोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हॉटेलचा दर मागणीवर हलतो, तुम्ही चार वेळा पाहिलं म्हणून नाही. लॉगिन केलेल्या सभासदाला बऱ्याच ॲपवर थोडी सूट दिसते, ती इनकॉग्निटोमध्ये उलट दिसेनाशी होते.

हॉटेलला फोन करू नका, हा सल्ला मात्र खरोखर नुकसान करणारा आहे. बुकिंग ॲप हॉटेलकडून साधारण 15 ते 25 टक्के कमिशन घेतात. ॲपपेक्षा कमी दर स्वतःच्या वेबसाइटवर लावू नये, अशा अटी हॉटेलांवर असायच्या. भारतीय स्पर्धा आयोगाने 19 ऑक्टोबर 2022 रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबो या बुकिंग ॲपवाल्यांना 223.48 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्या प्रकरणात हीही तक्रार होती. म्हणून वेबसाइटवर दर सारखाच दिसला तरी फोनवर हॉटेलच्या हातात देण्यासारखं काहीतरी असतं. मी स्वतः कितीतरी जणांना त्याच दरात रात्रीचं जेवण दिलं, मुलाची गादी फुकट टाकून दिली. फक्त फोन दुपारी करा, सकाळी चेकआउटच्या गर्दीत नको. दर सांगितल्यावर तो खोलीचा की माणशी, टॅक्स धरून की सोडून, आणि जेवण किती वेळचं, हे विचारा. माणशी दर सांगून खोलीचा भासवणारे पुष्कळ आहेत. जंगलाकाठी जेवणाचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण गेटाबाहेर रात्री आठनंतर चहाची टपरीही उघडी नसते. खोली स्वस्त मिळाली आणि पाच जणांचं जेवण मेनूकार्डावर घेतलं, तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

फोन नंबर मात्र मोबाइलच्या नकाशावर दिसला म्हणून लावू नका. खोट्या नंबरांवरून ॲडव्हान्स उकळणारे आहेत. नंबर हॉटेलच्या वेबसाइटशी ताडून पाहा, आणि पैसे व्यक्तीच्या नावावर मागितले तर तिथेच थांबा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

आता व्हाउचर. वरोऱ्याच्या माझ्या मामांना फोन आला होता, तुमचा नंबर लकी निघाला, तीन दिवस दोन रात्री मोफत, फक्त जोडीने नागपूरला एक तास या. तो एक तास चार तासांचा झाला. गोड बोलणारी तीन माणसं आळीपाळीने समोर बसली, आणि मामा हॉलिडे क्लबच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचा पहिला हप्ता भरून घरी आले. त्या मोफतमध्ये टॅक्स नव्हता, जेवण नव्हतं, आणि मामांनी दिलेली एकही तारीख ‘उपलब्ध’ निघाली नाही. वर दर वर्षी देखभाल शुल्क. मामी तेव्हापासून सोन्याच्या पाटल्यांचा विषय काढत नाही, कारण हप्ता त्यातून भरला होता.

मोफत या शब्दापुढे सही करायची वेळ आली तर कागद घरी आणा, रात्रभर ठेवा. तिथल्या तिथे सही करा, उद्या ही ऑफर नाही, असं जो म्हणतो त्याच्या कागदावर सही करू नका. आणि केली असेल तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर त्याची फीसुद्धा नाही. मामांनी हे दोन वर्षं उशिरा केलं.

राहिलं बिल. बिल नको म्हटल्याने 18 टक्के वाचतात, हे लिहिणाऱ्याला सध्याचा टॅक्सच माहीत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं खोलीभाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्केच आहे. त्याच्या वर गेलं की 18. आता हा हिशेब बघा. 7,500 च्या खोलीवर 375 टॅक्स, एकूण 7,875. 7,600 च्या खोलीवर 1,368 टॅक्स, एकूण 8,968. भाडं शंभराने वाढलं आणि खिशातून 1,093 जास्त गेले. टॅक्स छापील दरावर नसून प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर लागतो. म्हणून 7,800 सांगितले तर “7,500 च्या आत बसवा न जी” एवढंच म्हणा. हॉटेलचे तीनशे जातात, तुमचे तेराशेवर वाचतात. सीझन नसेल तर आम्ही हे करायचो. सरळ पक्क्या बिलावर केलेली बचत ही अशी असते. बिलच घेतलं नाही तर खोलीत पाणी गळलं, एसी बंद पडला, बुकिंग नाकारलं, तरी तुम्ही तिथे राहिलात याचा कागद तुमच्याजवळ नाही.

जेवणाच्या बिलातही एक गोष्ट बघा. ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एखादी खोली 7,500 च्या वर गेली, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के लागतो, तुमची खोली कितीचीही असो. जेवणासकट दर ठरवताना हे धरूनच विचारा. सेवा शुल्क म्हणून वेगळी रक्कम जोडलेली असेल तर ती काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच ती आपोआप लावायला मनाई केली आहे, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. नाही काढली तर काउंटरवरूनच 1915 ही ग्राहक हेल्पलाइन लावा. मी आतल्या बाजूला असताना एका मास्तरांनी तसा फोन लावला होता, आणि नंबर डायल होईपर्यंत आमच्या मॅनेजरने नवीन बिल काढून दिलं.