रोंशांला गेलात तर आधी मागच्या बाजूला जा

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षी रोंशांच्या चॅपलची शीट काढताना मी पूर्वेची भिंत कंटाळून अर्धवट सोडली होती. पुस्तकातले फोटो सगळे दक्षिणेचे, मग पूर्वेला कोण विचारतंय! यंदा टेकडी चढून प्रत्यक्ष पाहिलं आणि लक्षात आलं, सोडली होती ती नेमकी मुद्द्याची भिंत.

रोंशां हे पूर्व फ्रान्समधलं जुन्या कोळसाखाणींचं गाव. वरच्या बुर्लेमाँ टेकडीवर येशूच्या आईची, मरियेची यात्रा शतकानुशतकं भरते. राज्यक्रांतीत विकलं गेलेलं चॅपल १७९९ मध्ये गावातल्याच कुटुंबांनी मिळून परत घेतलं. १९१३ मध्ये ते वीज पडून जळालं, पुन्हा उभं राहिलं, ते १९४४ च्या लढाईत कोसळलं. नवं बांधायला वास्तुकार ल कॉर्बुझिएनं आधी नकारच दिला होता. मग टेकडी पाहिली आणि गडी तयार झाला. १९५५ मध्ये आजचं चॅपल उघडलं.

आमच्या जमातीला त्याचं खेकड्याच्या कवचासारखं छत तेवढं दिसतं. माझं म्हणणं, हे घर जत्रेच्या हिशेबानं बांधलंय. आत माणसं मावतात जेमतेम दोनशे. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी (याच सणाची आपल्या वांद्र्याची मोत माउलीची जत्रा), हजारोंनी लोक आले तर बसवायचे कुठे? म्हणून पूर्वेची भिंत आत वळवली, छत पुढे काढलं आणि त्याखाली दुसरी वेदी, प्रवचनाची जागा, गायकांचा सज्जा. समोर हिरवळ. मरियेची जुनी लाकडी मूर्ती त्याच भिंतीतल्या काचेच्या खिडकीत आहे आणि ती फिरवता येते. एरवी तोंड आत, जत्रेला बाहेर. पालखी नाही, तरी माउली लोकांसमोर! हे सुचायला भाविक असावंच लागतं असं नाही, गर्दी कळावी लागते.

आतला उजेडही थोर आहे, नाही कशाला म्हणू? भिंत आणि छत यांच्यात दहाएक सेंटिमीटरची फट ठेवलीय. एवढं जड काँक्रीट, पण त्या उजेडाच्या रेघेवर तरंगल्यासारखं वाटतं. खरा भार भिंतीत दडवलेल्या खांबांवर.

२०१६ पासून हे चॅपल ल कॉर्बुझिएच्याच चंडीगडच्या कॅपिटॉलबरोबर, म्हणजे तिथल्या सरकारी इमारतींच्या संकुलाबरोबर, जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांची रीघ असतेच. मी आत होतो तेव्हा चार विद्यार्थी लेझरनं भिंत मोजत होते. मेणबत्ती लावायला आलेल्या आजी त्यांचं आटपायची वाट बघत बाजूला उभ्या. मला लाज वाटली, कारण गळ्यात कॅमेरा माझ्याही होता.

तेवढ्यात पाऊस आला. छताचं सगळं पाणी पश्चिमेच्या गोमुखातून, म्हणजे दोन नाकपुड्यांसारख्या पन्हळीतून, खालच्या हौदात पडतं. टेकडीवर पाण्याची टंचाई, म्हणून ही सोय. मोजणारे मोबाइल काढून तिकडे पळाले. आजी पुढे झाल्या.