पंपाला मारतंय कोण?

जुनी गाडी बंद पडली की आजूबाजूची माणसं सुरू होतात. गाडी सोसायटीच्या फाटकात बंद पडली तर नुसते सल्ले मिळतात. खंबाटकी घाटात, ऐन मे महिन्यात, मागे दुधाचा टँकर हॉर्न वाजवत असताना बंद पडली तर सल्ल्यांबरोबर आपल्या मातापित्यांचीही चौकशी होते. आमच्या गाडीने दोन्ही सोयी करून दिल्या आहेत.

गाडी एमएच १२, पेट्रोलची, पंधरा वर्षांची मुदत उलटलेली. पुन्हा पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, नूतनीकरणाचे पाच हजार भरले. मार्च २०२२ पर्यंत तेच काम सहाशे रुपयांत होत होतं. आमची पाळी त्यानंतर आली, हे ओघाने आलंच. आरटीओतल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हॉर्न वाजवून बघितला आणि ही गाडी अजून पाच वर्षं रस्त्यावर धावायला लायक आहे असा दाखला दिला. त्याच महिन्यात टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा फ्युएल पंप गेला.

एकदाच गेला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पंप जायचा, नवा बसायचा, गाडी काही महिने गुण्यागोविंदाने चालायची आणि मग चढावर झटके द्यायला लागायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी पुढे जायच्या ऐवजी विचारात पडायची. शेवटी इंजिन बंद. अर्धा तास बॉनेट उघडून, कडेला उसाचा रस पिऊन, परत सेल्फ मारला की चालू! जणू रसासाठीच थांबली होती.

या काळात आमच्या घराला एक नवीन संस्कार लागला. चावी अर्धी फिरवली की सेल्फ मारण्याआधी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘ऊंऽऽ’ असा आवाज येतो. पंप पेट्रोल पुढे ढकलून नळीत दाब तयार करत असतो. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाडीला साधारण तीन बारचा (बार हे दाबाचं माप) दाब लागतो. त्याच्या खाली गेला की इंजेक्टर नीट फवारत नाहीत आणि गाडी मिसिंग करते. तर हा ‘ऊंऽऽ’ ऐकण्यासाठी आम्ही सगळे श्वास रोखून बसायला लागलो. बायको रेडिओ बंद करायची. मुलगी कानातले इअरफोन काढायची, जे ती परीक्षेच्या सूचना ऐकायलाही काढत नाही. आवाज आला की सगळे एकदम ‘आला, आला’ म्हणायचे आणि शेजारच्या पार्किंगमधला माणूस कोण आलं म्हणून फाटकाकडे बघायचा.

आमच्या मिस्त्रींची निदानाची पद्धत ठाम होती. मागची सीट उचलायची. तिच्याखाली दर वेळी नव्याने जमलेले फुटाणे, एखादं नाणं, हरवलेलं पेन आणि टोलच्या पावत्या निघतात. त्या बाजूला सारायच्या. पत्र्याच्या गोल झाकणाचे स्क्रू काढायचे. मग पंपाचा कनेक्टर उपसून त्यात टेस्ट लॅम्प लावायचा आणि मला म्हणायचं, “साहेब, चावी मारा.” लॅम्प पेटला की मिस्त्री मान वर करून सांगणार, “करंट येतोय. म्हणजे पंप गेला.” यावर अपील नाही. मग प्लॅस्टिकची मोठी रिंग लाकडी ठोकळ्याने ठोकून सैल करायची, पेट्रोलच्या वासाने आमचे डोळे चुरचुरायचे, आणि टाकीतून पंप, जाळी, फ्लोट असा सगळा संसार ठिबकत बाहेर यायचा. जाळी काळपट असली की मिस्त्री ती माझ्या नाकासमोर धरायचे. “बघा. कचरा.” जाळी स्वच्छ असली की म्हणायचे, “बघा. जाळी स्वच्छ आहे, म्हणजे आतूनच गेला.” पुरावा कोणताही असो, निकाल तयार.

मग नाना पेठ. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात पंप मागितला की दुकानदार आधी किंमत सांगत नाही. आधी विचारतो, “गाडी ठेवायचीय की विकायचीय?” विकायची असेल तर एक पंप, ठेवायची असेल तर दुसरा. आणि ‘ठेवायचीय, पण बायको विकू या म्हणतेय’ असं सांगितलं तर मधला. हा मधला पंप दिसायला अस्सल असतो, खोकं अस्सल असतं, खोक्यावरच्या इंग्रजीचं स्पेलिंग मात्र त्या दुकानदाराचं स्वतःचं असतं. मी पुढे पुढे ठेवायच्या गाडीचाच घ्यायला लागलो. तोही गेला.

तोवर प्रत्येकाने आपापला गुन्हेगार पकडला होता.

सासऱ्यांचा पहिल्यापासून ‘व्हेपर लॉक’वर संशय. “जावईबापू, उन्हाने पेट्रोलची वाफ होते नळीत. आम्ही पंपावर ओला पंचा टाकायचो.” त्यांच्या, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या, कार्बुरेटरच्या जमान्यात हे शंभर टक्के खरं होतं. तेव्हा पंप इंजिनच्या अंगावरच बसवलेला असायचा, इंजिनातल्या कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावर हलायचा आणि इंजिनबरोबर तापायचा. त्यामुळे खंबाटकीत गाडी थांबल्याबरोबर त्यांनी पाण्याच्या बाटलीने आपला पंचा भिजवला, बॉनेटखाली पंप शोधला आणि काही सापडेना तेव्हा जे त्यांना पंपासारखं दिसलं त्यावर तो पसरला. तो बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर होता. मी पंचा उचलला आणि म्हटलं, “अप्पा, हिचा पंप टाकीत असतो. मागच्या सीटखाली.” ते मागच्या सीटवरूनच उतरून आले होते. इतकी वर्षं आपण नेमके कशावर बसून प्रवास करतो हे कळल्यावर त्यांनी पुढची सीट मागून घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर एकमुखाने इथेनॉल. पेट्रोलमध्ये उसापासून वगैरे काढलेलं इथेनॉल वीस टक्के मिसळायचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून अलीकडे ओढलं, २०२३ पासून पेट्रोल पंपांवर ते यायला लागलं, आणि तेव्हापासून गाडीचं काहीही बिघडलं, अगदी काच खाली जाईना झाली तरी, इथेनॉलचं नाव निघतं. इथेनॉल पाणी धरतं, जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, ही तक्रार बिनबुडाची नाही. पण आमच्या पहिल्या पंपाने मान टाकली तेव्हा आमच्या भागात वीस टक्केवालं पेट्रोल यायचं होतं. हे मी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर आलं, “सुरुवात तेव्हापासूनच झाली होती.” साताऱ्याकडचे माझे मेव्हणे, ज्यांचा ऊस कारखान्याला जातो, ते यावर इतके दुखावले की त्यांनी फोन करून सुनावलं, “भावजी, तुमच्या डबड्याचं खापर आमच्या उसावर फोडू नका.” दिवाळीला गुळाची ढेप आली नाही.

बायकोचा आरोप पैशांशी निगडित, म्हणून जास्त झोंबणारा. “अहो, तुम्ही रिझर्व्हवर चालवता.” यात तथ्य असतं. टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी कायम तळाला टेकलेली ठेवली तर पंप तापतो, शिवाय तळाचा गाळ ओढतो. म्हणून मी टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देईनासा झालो. खर्च वाढला, पंप जायचा तसा गेला. एवढंच की आता तो पूर्ण टाकीत बुडून मरायचा, आणि त्याला बाहेर काढायला जास्त वेळ लागायचा.

घाटातल्या एका ट्रकच्या क्लीनरने मात्र गाडीखाली शिरून, जॅकच्या दांड्याला फडकं गुंडाळून, टाकीला खालून दोन दणके दिले आणि गाडी चालू झाली. माझा विश्वास बसेना. नंतर समजलं की हा प्रकार जगभर चालतो. पंपाच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात, ते झिजले की एखाद्या जागी मोटर अडकते आणि हादऱ्याने सुटते. क्लीनरने हे काही सांगितलं नाही. त्याने फक्त हात पुसले आणि “विकून टाका” म्हणाला.

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती मिस्त्रींच्या प्रामाणिकपणामुळे. नवा पंप बसवता बसवता, तोंडात स्क्रू धरून, ते सहज बोलून गेले, “तुमचा मागचा पंप होता ना, तो एका गिऱ्हाइकाला अडचण होती म्हणून लावून दिला. मस्त चाललाय.”

मी म्हटलं, “मेलेला पंप?”

“हां. त्याच्या गाडीत चालतोय.”

एवढ्या वाक्यानंतर माणसाने हातातलं काम खाली ठेवायला हवं. मिस्त्रींनी पुढचा स्क्रू लावला.

मी ही गोष्ट रात्री खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगितली. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. जिन्यातल्या दिव्याच्या बिलावरून त्यांनी सोसायटीच्या तीन कमिट्या पाडल्या आहेत. ते जेवता जेवता थांबले. “अहो, मग पंप गेलेलाच नाही. तो उपाशी आहे. व्होल्टेज कुठे मोजलंत?”

“टेस्ट लॅम्प पेटतो, काका.”

“लॅम्प पेटणारच! नळाला बारीक धार असली तरी पेला भरतो हो. आंघोळीला बसा म्हणजे कळेल.” तुमचा पंप चार-पाच अँपिअर ओढतो, काका म्हणाले, आणि तो बल्ब त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकेही ओढत नाही. वाटेत कुठे गंजका जोड असेल तर बल्बला त्याचा पत्ताही लागत नाही. खरा भार पडला की तो जोड व्होल्टेज खाऊन टाकतो. मग मोटर हळू फिरते, दाब पडतो, कनेक्टर तापतो. “आणि तुम्ही कनेक्टर काढून मोजता. म्हणजे भार काढून भाराची परीक्षा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मल्टिमीटर, घरातली दहा फूट वायर आणि बनियनवर स्वेटर अशा तयारीने पार्किंगमध्ये हजर. झाकण सारून पंपाचा कनेक्टर उघड्यावर आणला, पण या वेळी तो उपसला नाही. जागेवर घट्ट ठेवून, मागच्या बाजूने तारेला मीटरचं टोक टेकवलं. गाडी चालू. बॅटरीवर चौदा व्होल्ट. पंपावर साडेदहा.

“साडेतीन गेले कुठे?” काकांनी असं विचारलं की ते माझ्या खिशात असावेत.

मग त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं, वायर खिडकीतून मागे घेतली आणि दुसरं टोक पंपाच्या काळ्या वायरला लावलं. ही अर्थिंगची वायर, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायची वाट. इथे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. दाखवलं ३.१ व्होल्ट. काकांच्या चेहऱ्यावर, कमिटी पडल्यावर यायचं तसं समाधान आलं.

काळ्या वायरचा माग काढत आम्ही डिकीत पोचलो. गालिचा उचलला तर खालून ओल्या गोणपाटाचा वास. डाव्या टेललॅम्पच्या मागे बॉडीला कसलेला एक बोल्ट होता, किंवा असावा. दिसत होता तो तांबड्या गंजाचा गोळा आणि त्यावर हिरवट पांढरी पूड. टेललॅम्पचं रबर कधीच कडक होऊन फाटलेलं. प्रत्येक पावसाळ्यात पाणी तिथून आत यायचं, याच बोल्टवरून ओघळायचं आणि गालिच्याखाली मुक्काम करायचं. पंपाची अर्थिंगची वायर इथेच कसलेली. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर वायरचं टोकच हातात आलं.

दर नवा पंप काही महिने चालायचा याचाही खुलासा झाला. नवा पंप ताज्या दमाचा, ब्रश करकरीत, जाळी स्वच्छ. साडेदहा व्होल्टवर कसाबसा तीन बार मारायचा. शिवाय काढघालीत कनेक्टरच्या पिना आपोआप घासल्या जायच्या. थोडा जुना झाला, जाळी थोडी चोंदली, घाट आला, पावसाने गंज आणखी चढला, की संपलं. काही पंप खरोखरच तापून गेले असतील. काही मात्र, मला आता खात्री आहे, जिवंतपणी पुरले गेले.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बोल्ट पाहिला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हे वायरमनचं काम, साहेब. माझ्याकडे पंपाचं होतं.” गॅरेजच्या जगात ही हद्द महसुली हद्दीइतकीच पक्की असते. तरी त्यांनी पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपर मारला, जाड नवीन वायर ओढली, नवं टर्मिनल दाबून बसवलं, वरून ग्रीस फासलं आणि टेललॅम्पचं रबर बदललं. पंपावर आता पावणेचौदा. साहित्याचं बिल इतकं किरकोळ झालं की ते नाना पेठेतल्या पावत्यांशेजारी ठेवायची मला हिंमत झाली नाही. मजुरी घ्यायला मिस्त्री लाजले. मी द्यायला लाजलो नाही. वर्षानुवर्षांची सवय होती.

त्यानंतरचा पावसाळा आणि उन्हाळा गाडीने घाटांत काढला. ग्रुपवर मी मीटरचा फोटो टाकला, त्याखाली एकाने लिहिलं, “इथेनॉलमुळेच गंजला असणार.”

परवा सकाळी मिस्त्रींचा फोन आला. मी आपला नेहमीच्या धास्तीने उचलला.

“साहेब, तुमची गाडी ठीक आहे ना?”

“ठीक आहे. का?”

“ते तुमचे मीटरवाले काका रविवारी मोकळे असतील का? त्या गिऱ्हाइकाची गाडी आलीय. ज्याला तुमचा पंप लावला होता तो.” मागून कोणीतरी चिडून काहीतरी बोलत होतं. मिस्त्रींनी आवाज खाली आणला. “टेस्ट लॅम्प लावून बघितला. पेटतोय.”