घरोघरी प्रश्नावली

कुटुंबजीवनाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या संस्थेत संशोधन सहाय्यक म्हणून रुजू झालात, अभिनंदन. आता पहिलं काम करा. घरी फोन लावा आणि सांगा, ‘माझ्यासाठी जेवायचे थांबू नका.’ हे वाक्य एकदा जिभेवर बसलं की अर्धी कारकीर्द मार्गी लागली म्हणून समजा. मी ते २९ वर्षं म्हणतोय. हल्ली पलीकडून ‘बरं’सुद्धा येत नाही, नुसता फोन ठेवल्याचा आवाज येतो. घरातला संवाद किती सहज झालाय बघा.

नेमणूकपत्रासोबत मिळालेली मार्गदर्शिका कपाटात टाका. तिच्यात कामाचं काही नाही, मीच लिहिली आहे. कामाचं ते इथे सांगतो.

सुरुवात व्याख्येपासून. कुटुंब म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच त्यावर तज्ज्ञांची बैठक बोलवावी लागते. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ मध्ये २५० समाजांची माहिती चाळून सांगितलं, की एकत्र राहणं, आर्थिक सहकार्य आणि प्रजनन यांवरून कुटुंब ओळखावं. मूल तर हवंच, शिवाय स्त्री-पुरुषाची जोडीही. झालं, मूल नसलेलं जोडपं बाहेर. नातवाला वाढवणारी आजी बाहेर. पोराबाळांसाठी परमुलखात राबणारा बापही बाहेर, तो कुठे एकत्र राहतो? नंतरच्या अभ्यासकांनी आपापले अपवाद आणून या व्याख्येचा भुगा केला आणि त्या भुग्यावर कित्येकांचा चरितार्थ चालला. व्याख्या अशी हवी.

आपल्या संस्थेची व्याख्या ११ बैठकांत ठरली. ‘वर्षातील किमान सहा महिने एका छपराखाली राहणाऱ्या व एकत्र खर्चातून गरजा भागवणाऱ्या व्यक्तींचा समूह.’ ‘राहणाऱ्या’ या शब्दावर शेवटच्या बैठकीत खडाजंगी झाली, तेव्हा मी एक तळटीप सुचवली: ‘केवळ झोपण्यापुरते येणे म्हणजे राहणे नव्हे.’ सगळ्यांनी बाकं वाजवली. रात्रीचे साडेदहा झाले होते.

व्याख्या हाती आली की लोकांची दारं ठोठवायला मोकळे. पण जो दार उघडेल त्यालाच प्रश्न विचारत सुटू नका, ते अशास्त्रीय. दार उघडणारं माणूस म्हणजे घरातलं सर्वांत रिकामं, नाहीतर सर्वांत कामात असलेलं माणूस, तेव्हा नमुना एकीकडे कलतो. त्यावर लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच एक तक्ता देऊन ठेवला आहे. घरातल्या प्रौढांची लिंग आणि वयानुसार यादी करायची, आणि तक्ता बोट दाखवेल त्यालाच विचारायचं. तक्ता नेमका तिसऱ्या प्रौढावर बोट ठेवतो. तिसरा प्रौढ अंघोळीला गेलेला असतो, परगावी असतो, किंवा दुसऱ्या प्रौढाशी अबोला धरून आतल्या खोलीत असतो. अशा वेळी तीन खेपा घालायच्या असतात. तुम्ही एक घाला आणि तीन लिहा. मी असं सांगितलं असं कुठे बोलू नका.

‘कुटुंबप्रमुख कोण?’ हा प्रश्न मात्र न चुकता विचारा. अमेरिकेच्या जनगणनेने तो शब्द १९८० पासून टाकून दिला, हे आपल्या ग्रंथालयात कळलं आहे, प्रश्नावलीपर्यंत अजून पोचायचं आहे. हा प्रश्न विचारला की उत्तराकडे लक्ष देऊ नका, मानेकडे द्या. बाईची मान आधी आतल्या खोलीकडे वळते, मग नवऱ्याचं नाव येतं. मग विचारा, ‘विजेचं बिल कोण भरतं?’ ‘मी.’ ‘मुलांची शाळा कुणी ठरवली?’ ‘मीच.’ ‘सासूबाईंचं ऑपरेशन?’ ‘माझी सही आहे.’ प्रमुखाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव तसंच राहू द्या. खाडाखोड केली तर संगणक अर्ज घेत नाही.

प्रश्नावली किती लांब असावी, असं नवीन मंडळी विचारतात. उत्तर देणाऱ्याची भूक आणि तुमची भूक एकाच वेळी अनावर होईल इतकी. १९२९ मध्ये फ्रँकफर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेने मनोविश्लेषक एरिक फ्रॉम यांच्या देखरेखीखाली जर्मन कामगारांना २७१ प्रश्न पाठवले होते. ३,३०० प्रती वाटल्या. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून आलेल्या माणसाने संध्याकाळी बसून, मुलं अजिबात न मारता वाढवता येतील का, यावर मत लिहायचं होतं. आणि मंडळी अशी भाबडी, की १९३१ पर्यंत सुमारे १,१०० जणांनी लिहूनही पाठवलं. १९३३ मध्ये नाझींनी संस्थेला टाळं ठोकलं. परागंदा होण्याच्या धावपळीत जवळजवळ निम्म्या प्रश्नावल्या गहाळ झाल्या. माणसं हुकूमशहापुढे मान का तुकवतात याचं मूळ घरातल्या बापाच्या धाकात शोधणारी हीच ती संस्था. १९३६ मध्ये तिने त्यावर पॅरिसमधून भलाथोरला ग्रंथ काढला. कामगारांच्या त्या पाहणीचा अहवाल मात्र पुस्तकरूपाने निघाला १९८० मध्ये, त्याच वर्षी फ्रॉम वारले. तेव्हा आपला अहवाल चार वर्षं रखडला म्हणून कुणी टोमणा मारला तर हा दाखला तोंडावर फेका. त्यांच्यामागे हिटलर लागला होता आणि आपल्यामागे फक्त लेखापरीक्षक आहेत, हे सांगायची गरज नाही.

समाधान मोजायला १ ते ५ ची पट्टी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये ही सोय करून दिली नसती तर आपल्याला लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं असतं. ‘वैवाहिक जीवनाबद्दल आपण किती समाधानी आहात?’ नवरा शेजारी बसलेला असला तर ४. नवरा पाणी आणायला उठला तर ३. पाणी घेऊन परत आला तर पुन्हा ४. तुम्ही ४ घ्या.

आता कालदैनंदिनी, म्हणजे दिवसभरात कोणत्या वेळी काय केलं याची नोंदवही. हे आपल्या शास्त्राचं वैभव आहे, इथे घाई करू नका. अलेक्झांडर सालाई या हंगेरियन समाजशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९६५च्या सुमारास १२ देशांत लोकांच्या दिवसाचा हिशेब एकाच पद्धतीने मांडला गेला, तेव्हापासून ही विद्या जगभर गेली. आपल्याकडे दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे १४४ चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात मुख्य कृती एक आणि सोबतची कृती एक. दोनच. ज्याने हा नियम केला त्याने आयुष्यात एका वेळी दोनपेक्षा जास्त कामं केली नसावीत, पण तो विषय नाही. कडेवर मूल, खांद्यात दाबलेला फोन, एका हाताने भांडं, डोळा घड्याळावर आणि मनात उद्याची फी, अशी बाई समोर आली तर तिला नम्रपणे विचारायचं, ‘यातली मुख्य कृती कोणती?’ मूल सांभाळणं हे बहुधा सोबतच्या रकान्यात जातं, आणि बेरीज करताना बहुतेक तक्ते फक्त मुख्य रकान्याची करतात. अशा रीतीने मुलं आपोआप मोठी होतात.

एका घरी दैनंदिनी परत घ्यायला गेलो होतो. रात्री दोन ते साडेतीन, नऊ चौकोन, प्रत्येकात बारीक अक्षरात एकच शब्द: ‘बसले’. मी विचारलं, म्हणजे नक्की काय केलंत? घरातली बाई म्हणाली, ‘धाकट्याला ताप होता. कपाळावर हात ठेवून बसले होते. हात काढला की जागा व्हायचा.’ मी मार्गदर्शिका उघडली. नियम ६: कारण नोंदवू नये, क्रियापद नोंदवावे. बसणे म्हणजे विश्रांती. मी नऊच्या नऊ चौकोनांत विश्रांतीचा संकेतांक भरला, तिने वरून पाहिलं आणि म्हणाली, ‘बरोबर आहे, उभी नव्हते.’ त्या वर्षीच्या अहवालात स्त्रियांचा रात्रीचा विश्रांतीचा वेळ किंचित वाढलेला दिसला आणि वरून शाबासकी आली.

नवरा-बायको दोघांनाही विचारण्याचा मोह आवरा. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ३७ जोडप्यांवर केलेला एक अभ्यास छापला. घरकामातला आपापला वाटा किती, हे दोघांना वेगवेगळं विचारलं. बहुतेकांच्या बाबतीत दोघांच्या वाट्यांची बेरीज पुऱ्या कामाच्या पलीकडे गेली. खोटं कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपण केलेलं तेवढं लख्ख आठवत होतं. आता एवढं जास्तीचं घरकाम कोणत्या तक्त्यात बसवणार? तेव्हा एकालाच विचारा आणि निश्चिंत राहा.

कॅमेऱ्याच्याही फंदात पडू नका. लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठाच्या केंद्राने २००१ ते २००५ या काळात ३२ कुटुंबांच्या घरांत कॅमेरे नेऊन दीड हजारावर तासांचं चित्रण केलं. चित्रण केलं म्हणजे ते पाहावंही लागतं, हा भाग लोकांच्या ध्यानात येत नाही. त्या मंडळींनी फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या वस्तूसुद्धा मोजल्या. मीही एकदा आमच्या फ्रिजच्या दाराकडे नीट पाहिलं. त्यावर मुलीच्या हस्ताक्षरातलं एक वेळापत्रक होतं, त्यात माझ्या नावाचा रकाना होता. कोरा होता. नाव मात्र चार रंगांत रंगवलेलं.

हे झालं प्रश्नांचं. खरा धोका प्रश्न संपल्यावर असतो. वही मिटलीत, आभार मानलेत, चपला घालायला वाकलात, की दारापाशी आलेलं माणूस बोलू लागतं. एका निवृत्त जोडप्याकडे असंच झालं. मुलाखत छान झाली होती. समाधान ४, निर्णय ‘दोघे मिळून’, प्रश्न ८८, पती-पत्नींमधील संवाद, ‘दररोज’. मी एक चप्पल घातली होती, दुसरी सापडत नव्हती. त्या बाहेर आल्या, दार मागून थोडं ओढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ते तुम्ही बोलण्याचं विचारलंत ना. बोलतात हो ते माझ्याशी. मुलाचा फोन आला की बोलतात. स्पीकरवर. तो रोज करतो फोन, म्हणून मी रोज सांगितलं.’

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक ‘अच्छा’ म्हणालो. जिन्यात थांबून प्रश्न ८८ पुन्हा काढून पाहिला. ‘दररोज’ या उत्तरात चूक काहीच नव्हती. तेव्हा माझा सल्ला असा, की बंदांच्या चपला घालून जाऊ नका. पाय सरकवला की निघता आलं पाहिजे.

आणि पुन्हा त्याच घरी जायचं नाही, हे तर पक्कं. न्यूझीलंडमधल्या डनीडिनमध्ये काही हट्टी लोक आहेत. १९७२-७३ मध्ये तिथे जन्मलेल्या १,०३७ बाळांचा त्यांनी असा काही पिच्छा पुरवला, की ती बाळं पन्नाशीला आली तरी तपासणी चालूच. जगात कुठेही गेलेला असो, प्रवासखर्च देऊन बोलावून घेतात, आणि हयात असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक येतातही. अशाने माणसांची ओळख होते. माणसं सांगू लागतात. मग ‘इतर’ या रकान्यात मावेनासं होतं. आपला प्रकल्प तीन वर्षांचा असतो, त्यातलं एक वर्ष फर्निचरमध्ये जातं, आणि तिसऱ्याच्या अखेरीस ‘कुटुंबासाठी वेळ’ या विषयावर दोन दिवसांचा निवासी परिसंवाद होतो. शनिवार-रविवार. हजेरी सक्तीची आहे, आत्ताच लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट. प्रश्नावली छापायला टाकण्याआधी ती घरच्या माणसांवर तपासून पाहावी, असं पुस्तकात असतं. हे अजिबात करू नका. मी केलं होतं. बायकोने चष्मा शोधला, पेन मागून घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाला, कुटुंबातील एकूण सदस्य, आकडा लिहिला: ३.

मी म्हटलं, ‘अगं, चौघं आहोत आपण.’

‘खाली काहीतरी बारीक छापलंय,’ ती म्हणाली, ‘ते वाच.’

वाचलं.

‘चांगलं स्पष्ट लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘कुणी लिहिलं?’

तो अर्ज मी ‘विसंगत उत्तर’ असा शेरा मारून बाद केला. नव्या आवृत्तीत तळटीपेचा टंक आणखी एका अंकाने लहान केला आहे.